सात ओटे

नवऱ्याला खुर्चीत बसवून चौघांनी गल्लीतून खाली नेलं तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती, आणि मला लाज वाटत होती ती त्या चपलेची.

माणूस छातीवर हात दाबून काळानिळा पडलेला, आणि मी मागून पळत ओरडतेय, "अहो, चप्पल! कुणीतरी चप्पल घाला त्यांना!" सकाळी नऊची वेळ. गल्लीतले सगळे ओटे भरलेले. कुणी भाजी निवडतंय, कुणी नातवंडाला तेल चोळतंय, कुणी नुसतंच बसलंय. त्या सगळ्यांच्या नाकासमोरून आमची वरात चालली होती. खुर्ची आमच्या स्वयंपाकघरातली, एक पाय डुगडुगता. रिक्षावाला खाली मोठ्या रस्त्यावर थांबला होता, कारण आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नव्हती.

"यमुने, हळू गं, तू पडशील," म्हेत्रेकाकू त्यांच्या ओट्यावरून म्हणाल्या.

"तुम्ही बसा बसल्या जागी!" मी म्हटलं. माझ्या तोंडाला तेव्हाही लगाम नव्हता.

आमचं घर गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला. खाली मोठा रस्ता, गणपतीचं देऊळ, मंडई. वर आम्ही, आणि आमच्या मागे डोंगर. मधला चढ असा, की पाहुणा दारात आला की आधी पाणी मागायचा आणि मग रामराम करायचा. चढाच्या एका अंगाला घरांपुढे दगडी ओटे, गुडघ्याएवढ्या उंचीचे. मोजून सात. सातवा आमचा, सहावा म्हेत्रेकाकूंचा, आमच्यापासून चार घरं खाली.

आम्ही कासार. ह्यांनी पंचेचाळीस वर्षं बांगड्या भरल्या, आणि त्या ह्याच ओट्यांवर बसून. खाली दुकान होतं, पण गल्लीतल्या बायकांना दुकानात जायचा कंटाळा. मग हेच पेटी घेऊन वर यायचे आणि ओट्याओट्यावर बसत बसत घरी पोचायचे. बाईचं नाव विसरतील, मनगटाचं माप विसरायचे नाहीत. म्हेत्रेकाकूंच्या सुनेला, ती परगावी जायच्या आधी, ते "दोन-चारवाली" म्हणायचे, तिच्या तोंडावरसुद्धा.

तर त्या सकाळी ते वाचले. आठ दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"आजोबांचं हृदय थकलंय. गोळ्या चालू राहतील, मीठ कमी करा, आणि रोज चालायचं."

"चालायचं?" मी म्हटलं. "अहो, आम्ही चढाला राहतो. धडधाकट माणसाला धाप लागते."

"चढ चालेल, पण हळू. दम लागायच्या आधीच बसायचं. बसून घ्यायचं, उठायचं, परत चालायचं. वाटेत बसायला जागा आहे का?"

हे हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा. "डॉक्टर, आमची गल्ली म्हणजे नुसत्या बसायच्याच जागा."

"मग झालं तर."

मी ऐकलं ते एवढंच. मीठ कमी, आणि चालायचं.

सकाळी सातला निघायचे. खाली गणपतीला हात जोडायचे आणि वर यायचे. आमच्या वैजूला, म्हणजे सुनेला, ह्या वाटेला दहा मिनिटं लागत. हे परतायचे साडेआठला, कधी नऊला.

"कुठं होता?"

"चालत होतो."

"दोन तास? गणपतीला शंभर प्रदक्षिणा घालत होता का?"

"अगं, दम लागला की बसायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"बसायला सांगितलंय, बैठक मारायला नाही. रिटायर झालेल्या कलेक्टरासारखे हिंडताय गल्लीतून."

मला सगळं कळत होतं. पहिल्या ओट्यावर शिंप्याच्या घरचा पेपर. तिसऱ्यावर रझियाभाभीचा बिनसाखरेचा चहा. सहाव्यावर सगळ्यात जास्त वेळ, कारण म्हेत्रेकाकूंना गुडघ्यांमुळे कुठं जाता येत नव्हतं आणि गल्लीची सगळी खबर त्यांना बसल्या जागी लागायची. माझा नवरा दोन तास लोकांच्या दारात बसतो ह्याचा मला राग यायचा. बांगड्या भरायला बसत होते तेव्हा तो धंदा होता. आता कशाला?

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आजोबा, ही करामत नुसत्या गोळ्यांची नाही हं. तुमच्या गल्लीची आहे."

 घरी दारात आल्यावर मी म्हटलं, "अळणी आमटी दोन वेळा मी शिजवते. गोळ्या हातावर मी ठेवते. आणि नाव गल्लीचं."

"तुझंही घेतलं असतं त्यांनी," हे म्हणाले. "तू तोंड उघडू दिलं असतंस तर."

त्या दिवाळीला सतीशनं, माझ्या मुलानं, गाडी घेतली. पांढरी. माझे वडील डोक्यावर बांगड्यांचा पेटारा घेऊन बाजाराच्या गावांना पायी जायचे, टाचांना भेगा पडलेल्या, आणि त्यांच्या नातवाच्या दारात गाडी. पण दारात कुठली? ती खाली देवळाजवळ उभी. कुणाला कळणार कुणाची आहे ते? त्या गाडीला एक भोंगा होता. कुणी हात लावला, टेकलं, की बोंबलायची. गल्लीतली टवाळ पोरं मुद्दाम बॉनेटवर बसायची आणि पळायची. पहिल्यांदा ती बोंबलली तेव्हा मी वरून ऐकलं आणि वैजूला म्हटलं, "आपलीच."

गल्ली अरुंद नव्हती. ओट्यांनी अरुंद केली होती. हे एकदा माझ्या डोक्यात शिरलं ते निघेना.

मी नगरसेवकाच्या घरी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "अक्का, ओटे हद्दीबाहेरच आहेत सगळ्यांचे. सगळ्यांनी मिळून लिहून द्या, दोन दिवसांत काढून देतो."

अर्ज सतीशनं लिहिला. सगळ्यात वर माझी सही. दुसरीतून शाळा सुटली माझी, पण स्वतःचं नाव मला लिहिता येतं. मग घरोघरी गेले. प्रत्येक दारात तीच गोष्ट सांगितली: आमच्या माणसाला खुर्चीतून कसं नेलं, रिक्षा कशी खाली थांबली, अजून पाच मिनिटं झाली असती तर काय झालं असतं. ते खोटं नव्हतं. पुन्हा ती खुर्ची उचलायची वेळ येईल ह्या भीतीनं मी दुपारीसुद्धा दचकायची. चपलेचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

शिंप्यानं लगेच सही केली, त्याच्या पोराची मोटारसायकल होती. रझियाभाभी म्हणाली, "अक्का, मग संध्याकाळी बसायचं कुठं?"

"टीव्हीसमोर."

"टीव्ही आपल्याशी बोलत नाही गं."

"बरंच आहे की. उलट उत्तर देत नाही."

ती हसली आणि तिच्या मुलानं सही केली.

राहिल्या म्हेत्रेकाकू. त्या ओट्यावरच बसल्या होत्या, पाय पसरून, पायांना निर्गुडीचा पाला बांधलेला.

"यमुने, माझं जग म्हणजे हा ओटा. इथं बसते म्हणून येणारा-जाणारा 'काकू' म्हणतो. आत बसले तर मी जिती आहे का मेले, कुणाला कळणार?"

"काकू, तुमच्या एकटीच्या बसण्यासाठी माझा माणूस खुर्चीत मरू दे का?"

 मला माहीत होतं, ह्याला त्या नाही म्हणणार नाहीत. त्यांनी अंगठा पुढे केला. शाई पुसायला मी पदर दिला, तो त्यांनी घेतला नाही. अंगठा दाराच्या चौकटीला पुसला.

त्या संध्याकाळी ह्यांना सांगितलं.

"सगळे?"

"सातच्या सात. आपलाही. मी काही दुसऱ्याचा मोडून स्वतःचा ठेवणारी नव्हे."

"अगं, पण मी तिथं बसतो."

"आता बसायचं नाही. आता गाडीतून फिरायचं, ऐटीत."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"मग चाला! पाय कुणी कापलेत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बायकांचे हात हातात घेऊन घेऊन माणूस मऊ झाला होता. "बरं," म्हणाले, आणि पेटी पुसायला घेतली. धंदा सोडून वर्ष झालं होतं, तरी रोज पेटी पुसायचे.

घण आणि पहारी घेऊन माणसं आली. दोन दिवस गल्लीत धूळ. सहावा ओटा काढायला वेळ लागला, फार जुना होता. दगड हलवले तसं आत काहीतरी चमकायला लागलं. दगडांच्या फटींतून वर्षानुवर्षं आत पडलेले बांगड्यांचे तुकडे. हिरवे, तांबडे, मोरपंखी, सोनेरी ठिपक्यांचे. घमेलंभर निघाले. माणसं हसायला लागली, म्हणाली, इथं काय कासाराचं गुप्तधन आहे का?

हे पुढे झाले. खाली बसायला गेले, पण बसवेना, म्हणून वाकूनच दोन तुकडे उचलले. "माझंच आहे," म्हणाले. "घालताना वाढलेल्या ह्या." फुटल्या म्हणायचं नाही, कासाराच्या तोंडी तो शब्द नाही. बांगडी वाढते.

"टाका ते," मी म्हटलं. "हातात घुसेल."

त्यांनी टाकले.

ओटे गेले आणि घरांचे उंबरे उघडे पडले. रस्त्यापासून कमरेएवढे वर. प्रत्येकानं मग आपापली सोय केली. कुणी चढायला लोखंडी घोडी लावली, कुणी दोन विटा. ओट्यांच्या जागी मोटारसायकली आल्या, एकीला एक चिकटून. दारं बंद व्हायला लागली, कारण आता दारात धूर यायचा. आणि आमची गाडी? ती म्हेत्र्यांच्या घरापर्यंतच आली. पुढे वळण आणि गटार, तिथून चाक चढेना. तर ती सहाव्या ओट्याच्या जागी उभी राहू लागली. चार घरं खाली का होईना, पण गल्लीत. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

हे सकाळी सातला निघायचे आणि सव्वासातला परत.

"झालं?"

"झालं."

"गणपतीपर्यंत गेलात?"

"नाही. शिंप्यापर्यंत."

पुढे शिंप्यापर्यंतही नाही. एकदा कुणाच्या तरी मोटारसायकलीवर टेकले तर ती कलंडली आणि ज्याची होती ते पोरगं ह्यांच्या अंगावर धावून आलं. मी खाली जाऊन त्या पोराच्या सात पिढ्या काढल्या. वर आल्यावर ह्यांना म्हटलं, "लोकांच्या वस्तूंना टेकायचं कशाला?" त्यांचे पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. रात्री उशाला तीन उशा लागायच्या.

सतीश त्यांना गाडीतून डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही मागे बसून गेले, काच खाली करून.

"आजोबा, चालणं सोडलंत का?"

"नाही," हे म्हणाले. "बसणं सुटलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यांचं आपलं काहीतरी असतं," मी म्हटलं.

गोळ्या वाढवल्या. एक आणखी पांढरी, सकाळची.

मग श्रावण आला. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात हरभऱ्याची डाळ निवडत होते, उद्याच्या पुरणाच्या दिंडांसाठी. सतीश मोटारसायकलीनं कामावर गेला होता, वैजू दळणाला. हे पुढच्या खोलीत पडले आहेत असं मी धरून चालले होते.

गाडी बोंबलली.

दिवसातून चार वेळा बोंबलायची ती. मांजर चढलं तरी, पोरं बसली तरी. माझ्या मांडीवर सूप होतं. उठायचा कंटाळा. मी तशीच खिडकीकडे तोंड करून ओरडले, "कोण आहे तो मेला? बसायला दुसरी जागा नाही मिळाली का?"

माझं ओरडून होतंय तोच भोंगा थांबला. मला वाटलं, लागलं बोलणं. जरा वेळानं पुन्हा सुरू झाला. मग मात्र मी उठले, आणि खिडकी लावून घेतली.

अर्ध्या तासानं वैजूचा आवाज आला. दळणाचा डबा सोडून दिला होता तिनं, गल्लीभर पीठ. हे गाडीच्या पुढच्या चाकाशी होते, पाठ चाकाला, मान खाली. हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली.

दारात गाडी होती. चालवणारा कामावर होता. रिक्षा बोलावली, ती खालच्या तोंडाशी अडली, कारण तोंडाशीच मोटारसायकली आडव्या लावलेल्या. शेवटी तीच खुर्ची आणली. डुगडुगत्या पायाची. चौघांनी उचलली. ह्या वेळी बघायला कुणी नव्हतं, सगळी दारं लागलेली होती. ह्या वेळी दोन्ही पायांत चपला होत्या. मी पाहिलं.

दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं होतं.

पिशवी मी नंतर उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, बाजारपेठेतून आणलेल्या. दोन-सहा. माझं माप. पंचमीच्या आदल्या दिवशी दर वर्षी तेच भरायचे माझ्या हातात, लग्न झाल्यापासून. मला वाटलं होतं ह्या वर्षी त्यांच्या लक्षात नाही, आणि मी त्यावरून सकाळी टोमणाही मारला होता. चढ उतरून गेले, चढ चढून आले. बांगड्यांतली एकही वाढली नव्हती.

तेराव्यानंतर मी म्हेत्रेकाकूंकडे गेले. त्यांच्या दाराला लोखंडी घोडी होती, दोन दांड्यांची, डुगडुगती. चौकटीला धरून चढले. माझा हात शाईच्या डागावर पडला. काकू दाराच्या आत खाटेवर होत्या. तिथून गाडी दिसते, दुसरं काही दिसत नाही.

"काकू, तुम्ही इथंच होतात."

"इथंच असते मी."

"मग हाक नाही मारली?"

"मारली गं. दहा हाका मारल्या. ती गाडी ओरडत होती. माझा आवाज मलाच ऐकू येईना. ती थांबल्यावरही मारल्या, पण सगळ्यांची दारं बंद."

"खाली का नाही उतरलात?"

त्यांनी घोडीकडे बघितलं. मग मीही बघितलं.

"ते चढून आले खालून," काकू म्हणाल्या. "इथं थांबले. सवयीनं थांबले बघ. हात मागं करून चाचपलं त्यांनी, ओटा असल्यासारखं. मग गाडीच्या पुढच्या अंगावर बसले. तशी ती ओरडायला लागली."

"काही बोलले?"

काकू पदराचं टोक चिमटीत फिरवायला लागल्या.

"काकू, मी विचारतेय."

"तुला नाही सांगायचं होतं मला."

"सांगा."

"तू वरून ओरडलीस."

मी खाटेच्या कडेला टेकले.

"त्यांनी ऐकलं. तेवढ्यात गाडी गप्प झाली होती. वर बघितलं तुमच्या खिडकीकडे. आणि हसले, यमुने. खरंच हसले. 'उठतो गं,' म्हणाले. मोठ्यानं नाही. आपल्या माणसाला म्हणतात तसं."

"मग?"

"मग उठायला गेले. दोन्ही हात टेकून." काकूंनी गाडीकडे बोट केलं. "दुसऱ्यांदा गाडी ओरडली ना, ती तेव्हा."

मी घोडीवरून उतरले. कशी उतरले ते आठवत नाही. चार घरं चढून वर आले आणि खिडकी उघडली.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. काकू त्याच साली गेल्या. दुपारपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. सतीशनं ती गाडी विकून दुसरी घेतली, तीही तिथंच लागते. हिरव्या बांगड्या तशाच वर्तमानपत्रात आहेत. वैजूच्या हाताला ढिल्या होतात, तिचं माप दोन-चार.

मागच्या महिन्यात मला दम लागायला लागला. जुने डॉक्टर आता बसत नाहीत, त्यांची मुलगी बसते. पोरीसारखी पोरगी, पण छाती नीट तपासली. गोळ्या लिहिल्या, मीठ कमी सांगितलं.

"आणि आजी, रोज थोडं चालायचं. दम लागायच्या आधी बसायचं. वाटेत कुठं बसायला जागा आहे ना?"

"होती," मी म्हटलं.